घरची मोटार व तिचा साबण

हल्लीं मोटार ही केवळ श्रीमंतांच्या दारची शोभा राहिलेली नाहीं. आमच्या कड्यासारख्या गांवींही ज्या घरांत चार कर्ते पुरुष आहेत, त्या घरीं एखादी तरी मोटार दिसते. वृद्ध माणसांस नगरच्या डॉक्टरांकडे नेणें, मुलींस परीक्षेच्या ठिकाणीं पोंचविणें, लग्नकार्यास जाणें, अशीं अनेक कामें तिजवर अवलंबून असतात. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं नगर-आष्टी मार्गावर आगगाडी सुरू होऊन कड्यास स्टेशन झालें, व १७ सप्टेंबर २०२५ रोजीं ती गाडी बीडपर्यंत पोंचली. तरी त्यामुळें दारच्या मोटारीची गरज कमी झालेली नाहीं. अशी मोलाची वस्तु घरांत आली म्हणजे तिची निगाही ओघानेंच आली. ती राखण्यासाठीं बाजारांत जे नानाविध साबण निघाले आहेत, त्यांविषयीं घरोघर मतभेद होतात. तरुण मंडळी रंगीत बाटली घेऊन येतात, वडील माणसें म्हणतात, "धुण्याची पावडर घरांत असतांना हा खर्च कशाला?" या वादाचा निकाल वयाच्या मानानें लागणें योग्य नव्हे, तो वस्तूच्या गुणावरून लागला पाहिजे. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साबण म्हणजे काय?

'साबण' हा शब्द आपणांकडे परदेशांतून आला. अरबींत त्यास 'साबून' म्हणतात. परंतु फेसाच्या योगानें मळ काढण्याची विद्या आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हती. रिठ्यास संस्कृतांत 'अरिष्टक' असें नांव आहे, व त्याचेंच दुसरें नांव 'फेनिल', म्हणजे फेसाळणारा. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे, त्यांत रेशमी व लोंकरी वस्त्रांस खारी माती, आणि कांबळ्यांस रिठा, असा भेद सांगितला आहे. यांतील मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. प्रत्येक वस्तूस एकच मळकाढें चालत नाहीं. धुवावयाच्या पदार्थाचा स्वभाव पाहून धुण्याचें द्रव्य निवडावें लागतें. मोटारीच्या साबणाचा सर्व वाद या एका तत्त्वांत सांठविलेला आहे.

खरा साबण तेल किंवा चरबी आणि दाहक सोडा यांच्या संयोगानें होतो. त्याच्या कणाचें एक टोंक पाण्यास व दुसरें तेलास धरतें. म्हणून तो तेलकट मळास वेढून पाण्याबरोबर वाहून नेतो. परंतु त्यांत एक मोठा दोष आहे. पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार असले, म्हणजे साबण त्यांच्याशीं संयोग पावून फुटतो व त्याचा पांढरा चिकट साका बनतो. आमच्या भागांतील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. त्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, बंबाच्या व हीटरच्या अंगावर पांढरें कवच धरतें, आणि अंगाचा साबण फेंसाळण्यास फार झिजवावा लागतो, हा गृहिणींचा नित्याचा अनुभव आहे. हाच साका मोटारीच्या काळ्या किंवा तांबड्या रंगावर वाळला, म्हणजे गाडी धुतली कीं मळविली, असा प्रश्न पडतो.

या दोषावर उपाय म्हणून कृत्रिम मळकाढ्यांचा शोध लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मनींत चरबीची टंचाई पडली, तेव्हां तेथील रसायनशास्त्रज्ञांनीं या दिशेनें प्रयत्न केले. आपल्या देशांत १९५९ सालीं सर्फ व १९६९ सालीं निरमा हीं नांवें घरोघर येऊं लागलीं. मोटारीचा म्हणून जो साबण विकला जातो, तो वस्तुतः साबण नसून याच कुळांतला द्रव पदार्थ असतो. जड पाण्यांत त्याचा साका होत नाहीं, हा त्याचा पहिला गुण होय.

पावडर कां नको?

मग धुण्याच्या पावडरीनें काय बिघडतें? ती कपड्यांसाठीं केलेली असते. घामाचा व तेलाचा मळ सुटावा म्हणून तींत धुण्याचा सोडा व दुसरे क्षार घातलेले असतात. वड्यांमध्यें तर भर म्हणून चुनखडीची पूड व मातीही असते. सुताच्या धाग्यांस हें सोसतें. मोटारीच्या रंगाची गोष्ट निराळी आहे.

जुन्या फियाट गाड्यांवर रंगाचेच थर असत. तो निस्तेज झाला तर घांसून पुन्हां उजळ करितां येई. हल्लींच्या गाड्यांत रंगावर एक पारदर्शक लेप असतो, आणि गाडीची सारी झळाळी त्या लेपाची असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें पंचविसाव्या भागाइतकी, म्हणजे माणसाच्या केंसाहूनही कमी. त्यावर पुन्हां मेणाचें पातळ पांघरूण दिलेलें असतें, त्यामुळें पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. क्षारयुक्त पावडरीनें प्रथम हें मेण जातें. मग वारंवार धुण्यानें लेप मंद होतो. भांड्यांच्या द्रवांत क्षार बेताचे असले, तरी तो तूप काढण्यासाठीं केलेला असल्यामुळें मेणही काढून नेतो. रॉकेलच्या बोळ्यानें गाडी पुसण्याची जुनी चाल अजून कोठें कोठें दिसते. तिनें दोन घटका चकाकी येते खरी, पण तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते व दारांभोंवतींचें रबर फुगून खराब होतें.

हळदीची परीक्षा

बाटलीवर 'सौम्य' असें छापलेलें असतें. तें कितपत खरें, हें पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. आपल्या स्वयंपाकघरांत ती सोय आहे. हळदीचा डाग साबणानें धुतला कीं लाल होतो, हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं? हळद क्षारानें लाल होते. कुंकवाची उत्पत्तिही याच गुणावर आहे. शाईचोख कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवाव्या व एकेका द्रवाचा थेंब त्यांवर सोडावा. पट्टी पिवळीच राहिली तर द्रव सौम्य. लाल झाली तर क्षारयुक्त.

आमच्या पुतण्यानें मोटारीच्या साबणाची अर्धा लिटरची बाटली अडीचशें रुपयांस आणली होती. तिची परीक्षा आम्हीं घरांतील मुलांकडून करविली. घरांतील एका जुन्या रंगविलेल्या लोखंडी कपाटाच्या दारास मेण लावून त्याचे पांच भाग पाडले, व त्यांवर आठवडाभर रस्त्याची धूळ बसूं दिली. मग पांच भाग पांच रीतींनीं धुतले: नुसत्या पाण्यानें, कपड्यांच्या साबणानें, पावडरीनें, रिठ्याच्या पाण्यानें व बाटलींतील द्रवानें. पाणी सर्वत्र बोअरचेंच.

कपड्यांच्या साबणानें मळ निघाला, पण वाळल्यावर पांढुरकी झांक राहिली. पावडरीनें दार लखलखीत झालें. परंतु तिची हळदपट्टी लाल भडक झाली, व तेवढ्या भागावर पाण्याचे थेंब उभे राहीनात. रिठ्यानें पट्टी पिवळीच ठेविली, मळही बराच काढला; तथापि दाट काढ्याचा तपकिरी ओघळ पांढऱ्या रंगावर उमटला, आणि उरलेलें पाणी दुसऱ्या दिवशीं आंबलें. बाटलींतील द्रवानें पट्टी बदलली नाहीं, साका झाला नाहीं, मेण टिकलें. मात्र आम्हीं मुद्दाम लाविलेला ग्रीसचा डाग त्यास हलवितां आला नाहीं. नुसत्या पाण्यानें, कापड वारंवार पिळून घेतल्यावर, साध्या धुळीपैकीं बहुतेक निघून गेली. हें शेवटचें फळ पाहून मुलांस आश्चर्य वाटलें. आमच्या मतें सर्व परीक्षेंत तेंच अधिक महत्त्वाचें होय.

फेस पुष्कळ आला म्हणजे साबण चांगला, ही समजूतही या ठिकाणीं सोडली पाहिजे. फेसाचा उपयोग इतकाच, कीं कापड रंगावरून निसटतें राहतें व कोठें धुतलें, कोठें राहिलें हें कळतें. मळ काढण्याचें बळ फेसावरून ठरत नाहीं. उलट फार फेस धुवून काढण्यास पाणी मात्र फार लागतें.

धुण्याची रीत

मोटारीचा खरा शत्रु मळ नसून तो काढण्याची घाई होय. आमच्या काळ्या रानांतील धुळींत गारगोटीचे बारीक कण असतात. ते पोलादी सुरीहूनही कठीण असतात. रोज सकाळीं कोरड्या फडक्यानें गाडी झटकणारा मनुष्य तिची सेवा करीत नसून तिजवर कानस फिरवीत असतो. उन्हांत तिरपें पाहिलें असतां जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेघा दिसतात, त्या याच सेवेच्या होत. कोणताही साबण त्या भरून काढीत नाहीं.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडी सावलींत उभी करावी व पत्रा थंड होऊं द्यावा. तापल्या पत्र्यावर पाणी तत्काळ आटून चुन्याचे डाग पडतात. प्रथम नुसत्या पाण्यानें धूळ भिजवून ओघळूं द्यावी. यासाठीं शेतांतील पाठीवरच्या फवारणी-पंपासारखा लहान हातपंप उत्तम. परंतु औषध किंवा तणनाशक भरलेला पंप वापरूं नये, नवा वेगळा ठेवावा. नंतर दोन बादल्या घ्याव्या, एकींत साबणाचें पाणी व दुसरींत साधें. मऊ कापड साबणाच्या पाण्यांत बुडवून वरून खालीं सरळ हातानें फिरवावें, आणि पुन्हां बुडविण्यापूर्वीं साध्या पाण्यांत खळबळून त्यांतील माती झाडावी. चाकें शेवटीं व निराळ्या फडक्यानें धुवावीं. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, ती आठवड्याच्या धुण्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं ओल्या कापडानें भिजवून उचलावी. अखेरीस साध्या पाण्यानें धुवून गाडी लगेच टिपावी. जड पाणी अंगावर वाळूं देणें म्हणजे केलेलें काम वायां घालविणें होय.

पाण्याचा हिशेब

आतां सर्वांत जड प्रश्न. आष्टी तालुका पर्जन्यछायेंतला. १९७२ च्या दुष्काळाच्या कथा आमच्या पिढीनें लहानपणीं वडिलांच्या तोंडून ऐकिल्या. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास पिण्याचें पाणी आगगाडीनें न्यावें लागलें, तें तर सर्वांनीं पाहिलें. हें केवळ मराठवाड्याचेंच दुर्दैव नव्हे. २०२४ च्या मार्चांत बंगळूरसारख्या संपन्न शहरांत पिण्याच्या पाण्यानें मोटारी धुण्यास बंदी झाली, व तीं मोडणारास पांच हजार रुपये दंड ठरला.

रबरी नळींतून मिनिटास बारा लिटर पाणी जातें असें धरलें, तर पाव तासांत १८० लिटर खर्ची पडतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें खेड्यांतील माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावें असें मान ठरविलें आहे. म्हणजे नळीनें एक गाडी धुणें हें तीन माणसांचें दिवसाचें पाणी ओतून देण्यासारखें आहे. वर सांगितलेल्या रीतीनें पंधरा लिटरच्या तीन बादल्यांत हेंच काम होतें. साबणाचा खर्चही मग बेताचा होतो. बादलीस ३० मिलिलिटर द्रव पुरतो. त्या मानानें अर्ध्या लिटरच्या बाटलींत सोळा वेळां गाडी धुतां येते, आणि एका वेळेस सोळा रुपयांहून कमी पडतात. पंधरा दिवसांनीं एकदां धुतलें, तर एक बाटली आठ महिने पुरते.

धुतलेलें पाणी कोठें जातें, हेंही पाहिलें पाहिजे. पावडरींत सोडियमचे क्षार फार असतात, आणि सोडियम सांचून काळी जमीन चोपण होते, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. म्हणून तसलें पाणी परसांत रोज एकाच जागीं सोडूं नये. मोटारीच्या साबणाचें पातळ पाणी कडुनिंब, करंज अशा मोठ्या झाडांच्या भोंवतीं आलटून पालटून टाकावें. भाजीच्या वाफ्यांत, विहिरीच्या कांठीं किंवा ओढ्यांत मात्र कदापि जाऊं देऊं नये.

तात्पर्य

सारांश, मोटारीसाठीं निराळा साबण घेणें ही निव्वळ चैन नव्हे. जो जड पाण्यांत साका धरीत नाहीं, हळदीस लाल करीत नाहीं, आणि धुतल्यावरही थेंब मोत्यांसारखे उभे राहूं देतो, तो खुशाल घ्यावा. त्याची किंमत व बाटलीचा रंग हीं लक्षणें गौण होत. परंतु या बाटलीच्या भरंवशावर जर कोणी दर रविवारीं नळी सोडून बसेल, तर त्या घरांतील तरुणांनीं युक्तिवाद जिंकून व्यवहार गमावला असें होईल. गाडी घराची आहे, तसें पाणीही घराचेंच आहे. आणि आमच्याकडे तें घरापुरतें नसून शेजाऱ्याच्या बोअरशीं, आळींतल्या विहिरीशीं जमिनीखालून जोडलेलें आहे. चैत्र-वैशाखांत पाण्याचे टँकर गांवांत फिरूं लागले, कीं धुळीनें माखलेली मोटार ही लाजेची गोष्ट समजूं नये. त्या दिवसांत कांच व दिवे स्वच्छ ठेवावे, बाकीची गाडी पहिल्या वळिवाच्या स्वाधीन करावी. साबणाची बाटली तोंवर फळीवर राहिली, तरी तिचें कांहीं बिघडत नाहीं.