सर्पसंघाचा हजेरीपट

चित्रकथांतील खलपुरुषांविषयी या पानावर लिहिले जावे, हे काही वाचकांस औचित्याला सोडून वाटेल. तथापि ज्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ आणि मॅन्ड्रेक शाळेच्या पुस्तकाआड धरून वाचला, त्या पिढीला एक गोष्ट मान्य करावी लागेल. या कथांतून नायकाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न क्वचित निघाला असेल. खलनायकाच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न मात्र वाचकाच्या मनातही कधी आला नाही. तो तुरुंगात गेला की त्याच्या घरचे भाडे कोण भरते? झटापटीत हाड मोडले तर इस्पितळाचे बिल कोणाच्या नावे निघते? आणि चारदा पकडल्या गेलेल्या माणसाला पाचव्यांदा काम देणारा कोण?

अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या ‘कॅप्टन अमेरिका’ या चित्रकथा-मासिकाच्या ऑक्टोबर १९८५ च्या, म्हणजे ३१० व्या अंकात हे प्रश्न एकदम पुढे आले. लेखक मार्क ग्रुनवाल्ड, चित्रकार पॉल नीअरी. सापांची नावे आणि सापांना शोभतील असे पोशाख धारण करणाऱ्या गुन्हेगारांना एकत्र करून ‘सर्पेंट सोसायटी’ नावाची संघटना या अंकात उभी राहते. तिला मराठीत सर्पसंघ म्हणावयास हरकत नसावी. हा संघ जग जिंकण्यासाठी निघालेला नव्हता. नायकाचा सूड उगवण्यासाठीही नव्हता. ती जवळजवळ एक कामगार संघटना होती. आणि तिचा संस्थापक होता नोकरीत कायम न झालेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक!

सेथ व्होल्कर हे त्याचे नाव. अमेरिकन विद्यापीठांत काही वर्षांच्या उमेदवारीनंतर अध्यापकाला एकतर आजन्म कायम केले जाते, नाहीतर त्याला दुसरीकडची वाट धरावी लागते. व्होल्करला कायमपद नाकारले गेले आणि तो रॉक्सॉन नावाच्या (अर्थात काल्पनिक) तेलकंपनीच्या गुन्हेगारी कारवायांत शिरला. तेथे त्याला ‘साइडवाइंडर’ हे नाव मिळाले. वाळूवरून तिरके सरपटत जाणाऱ्या एका विषारी सापाचे ते नाव आहे. अंगावरच्या झग्याच्या साहाय्याने क्षणार्धात अंतर्धान पावून दुसरीकडे प्रकट होणे ही त्याची शक्ती. कायम होण्याची वाट पाहणाऱ्या अध्यापकाची मनःस्थिती आपल्याकडील महाविद्यालयांतही कोणास समजावून सांगावी लागू नये. पुढे त्याने जे केले त्याचे समर्थन मात्र कोणी करणार नाही.

सापांची टोळी ही कल्पना ग्रुनवाल्डची नव्हे. याच मासिकात १९७३ साली व्हायपर, ईल आणि कोब्रा अशा तिघांचे एक ‘सर्पेंट स्क्वाड’ येऊन गेले होते. पुढच्याच वर्षी मादाम हायड्रा नावाच्या बाईने मूळच्या व्हायपरला ठार करून त्याचे नावही घेतले आणि त्याची टोळीही घेतली. तिसरी टोळी १९८० सालची. साइडवाइंडर, अ‍ॅनाकोंडा, ब्लॅक मांबा आणि डेथ अ‍ॅडर यांना रॉक्सॉन कंपनीने एक जादूचा सर्पमुकुट हस्तगत करण्याच्या कामावर पाठविले. मुकुट घेऊन साइडवाइंडर निसटला आणि त्याचे तिघे सोबती मागे सापडले. कंपनीला माल मिळाला. मागे राहिलेल्यांची विचारपूस करण्याचे तिला कारण नव्हते. कंत्राटी कामाचा याहून स्वच्छ नमुना पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

येथे एक तुलना सहज सुचते. खलनायकांच्या टोळ्यांत सर्वांत प्रसिद्ध ती स्पायडरमॅनच्या सहा वैऱ्यांची, १९६४ सालची ‘सिनिस्टर सिक्स’. तिला बांधणारा धागा एकच, सामाईक शत्रू. आणि तो धागाही इतका कच्चा की सहा जण मिळून तुटून पडण्याऐवजी ते पाळीपाळीने एकेकटे लढावयास जातात आणि एकेकटेच मार खाऊन परततात. द्वेषातून एकजूट निर्माण होत नाही, एवढे तरी त्या अंकावरून दिसते. साइडवाइंडरने १९८५ साली धागाच बदलला. शत्रू कोण, हा प्रश्न त्याने बाजूस ठेवला आणि सभासदाला काय मिळेल ते सांगितले. कामे संघामार्फत येतील. राहण्याला आणि सरावाला सामाईक ठिकाण असेल. आणि मुख्य म्हणजे जो पकडला जाईल त्याला तुरुंगातून सोडवून आणण्याची जबाबदारी स्वतः अध्यक्षावर राहील. ज्याने पाच वर्षांपूर्वी तीन सोबत्यांना मागे टाकले होते, त्यानेच ही हमी द्यावी आणि त्याच तिघांनी ती स्वीकारावी, यात ग्रुनवाल्डची मनुष्यस्वभावाची जाण दिसते.

हजेरीपटावरची नावे पाहावीत. वरील चौघांखेरीज डायमंडबॅक, अ‍ॅस्प, कॉटनमाउथ, रॅटलर, हातपाय गमावून यांत्रिक अवयवांवर जगणारा बुशमास्टर आणि जुन्या टोळीतला, वयाने व अनुभवाने ज्येष्ठ असा कोब्रा. यातला एकही एकट्याच्या बळावर नायकाला जड जाईल असा नव्हे. सगळी दुय्यम माणसे. पहिल्या प्रतीच्या खलनायकाला संघटनेची गरज नसते. ती अशांनाच असते. कॉन्स्ट्रिक्टर नावाच्या एकाने निमंत्रण नाकारले, वर संघाची खबर विरुद्ध पक्षाला दिली. अ‍ॅनाकोंडाने त्याला बेदम मारले. संपकाळात फुटलेल्या कामगाराच्या वाट्याला काय येत असे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

ही कथा ज्या वेळी छापली जात होती ती वेळही लक्षात घ्यावयास हवी. ३ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील विमानवाहतूक नियंत्रकांनी संप पुकारला; दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून अधिक संपकऱ्यांना बडतर्फ केले आणि त्यांच्या संघटनेची मान्यताही पुढे काढून घेण्यात आली. खासगी मालकांनी त्यातून काय तो बोध घेतला. १९८३ मध्ये अमेरिकेतील पगारदारांपैकी २०.१ टक्के लोक कामगार संघटनांचे सभासद होते; २०२४ मध्ये हे प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. खरे कामगार संघटनांतून बाहेर पडत असताना चित्रकथेतले गुन्हेगार संघटना बांधीत होते. विनोद कडवट खरा, पण तो विनोद आहे.

अर्थात सर्पसंघाविषयी फार हळवे होण्याचे कारण नाही. त्याचे पहिले मोठे कंत्राट खुनाचे होते. ए. आय. एम. या गुप्त शास्त्रज्ञसंघटनेने आपलाच विद्रूप झालेला निर्माण, मोडॉक, याला मारण्याचे काम संघाला दिले आणि संघाने ते पार पाडले. सभासदांच्या हिताची उत्तम काळजी घेणारी संस्था बाहेरच्या जगाला किती घातक असू शकते, हा प्रश्न ग्रुनवाल्डने टाळला नाही. कामगार संघटनांच्या कट्टर पुरस्कर्त्यांनीही तो टाळू नये. पुढे १९८६ मध्ये डेथ अ‍ॅडर टॅक्सीत बसला तो पुन्हा उतरला नाही. खलनायकांनाच टिपणाऱ्या ‘स्कर्ज’ने चालकाच्या वेषात त्याला गाठले. तुरुंगातून सोडविण्याची हमी होती. मरणातून सोडविण्याची नव्हती.

संघावरचा खरा घाला १९८८ साली आला, तो नायकाकडून नव्हे. मादाम हायड्रा, म्हणजे आताची व्हायपर, हिने आधी आपली माणसे नवे सभासद म्हणून आत शिरविली. पफ अ‍ॅडर, कॉपरहेड, ब्लॅक रेसर, फेर-द-लान्स ही नावे हजेरीपटावर चढतात, जुन्यांना काही खटकत नाही, आणि एके दिवशी संघ बाईच्या हाती गेलेला असतो. जे शरण गेले नाहीत त्यांतल्या काहींवर विषप्रयोग झाला. त्या दशकात अमेरिकेतील शेअरबाजारात कंपन्या अशाच बळकावल्या जात होत्या: आधी गाजावाजा न करता भाग गोळा करावयाचे, मग संचालक मंडळात माणसे बसवावयाची, आणि शेवटी जुन्या व्यवस्थापनाला दार दाखवावयाचे. व्हायपरला सभासदांच्या पोटापाण्यात रस नव्हता. राजधानी वॉशिंग्टनच्या पाण्यात माणसाचा सर्प करणारे द्रव्य मिसळणे हा तिचा बेत. ऑगस्ट १९८८ च्या अंकात स्वतः राष्ट्राध्यक्ष रेगन सर्पमानव होऊन नायकाशी झुंजताना दिसतात! संप मोडणारा राष्ट्राध्यक्ष आणि बळकावलेल्या संघटनेचे विष यांची गाठ लेखकाने जाणून घातली असेल असे नव्हे. पण ती पडली आहे.

या प्रकरणानंतर साइडवाइंडर पायउतार झाला आणि कोब्रा ‘किंग कोब्रा’ होऊन अध्यक्ष झाला. नाव तेच, ठिकाण तेच, पण संस्थेचा स्वभाव पालटला. १९९० साली डायमंडबॅक ही सभासद कॅप्टन अमेरिकेच्या प्रेमात असल्याचे उघड झाले, तेव्हा तिच्यावर संघातच खटला चालला आणि तिला देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. ब्लॅक मांबा आणि अ‍ॅस्प या दोघी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. तिला सोडवावयास आला तो निवृत्त साइडवाइंडर. आपण दिलेली हमी अध्यक्षपद सोडल्यावरही पाळणारा पुढारी वास्तवातसुद्धा विरळाच. पुढे या तिघींनी संघ सोडून स्वतःचा वेगळा व्यवसाय मांडला.

हे सारे लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्यांची स्थिती काय होती? १९७८ साली नील अ‍ॅडम्स या नामांकित चित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये चित्रकथाकारांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. तो तडीस गेला नाही. लेखक-चित्रकाराने निर्माण केलेले पात्र कंपनीचे, ही रीत तशीच राहिली. १९४१ साली जो सायमन यांच्यासह ज्यांनी कॅप्टन अमेरिकाला जन्म दिला ते जॅक कर्बी, सर्पसंघ स्थापन झाला त्याच सुमारास, स्वतःच्या हातची मूळ चित्रे परत मिळावीत म्हणून मार्व्हलशी झगडत होते. इतर चित्रकारांना एक पानी कागदावर सही करावयाची होती. कर्बींपुढे चार पानी करार ठेवण्यात आला. त्यांनी काढलेल्या पानांची संख्या दहा हजारांच्या वर. १९८७ साली हाती आली ती सुमारे दोन हजार. कथेतल्या खुन्यांना संघटना होती. त्यांना रेखाटणाऱ्यांना नव्हती.

बळकावणीचेही तेच. व्हायपरची कथा छापून पुरते वर्ष झाले नाही तोच, जानेवारी १९८९ मध्ये, रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी व्यवस्थापनाच्या विरोधाला न जुमानता ताब्यात घेणारे रोनाल्ड पेरेलमन यांनी मार्व्हल ८ कोटी २५ लाख डॉलरना विकत घेतली. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी होती. दहा वर्षे ‘कॅप्टन अमेरिका’ लिहिणारे आणि याच कंपनीत संपादक असलेले ग्रुनवाल्ड ते पाहावयास उरले नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा ‘स्क्वाड्रन सुप्रीम’ या त्यांच्या पुस्तकाच्या छपाईच्या शाईत मिसळण्यात आली. माणसाने आपल्या कामाला काय काय द्यावे!

साइडवाइंडरचे पुढे काय झाले? १९९० च्या दशकातील एका कथेत तो पुन्हा गुन्ह्याकडे वळतो, तो आजारी मुलीच्या उपचारांच्या खर्चासाठी. सभासदांच्या सुरक्षिततेची योजना आखणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला स्वतःच्या घरी ती लागू करता आली नव्हती.

२०१५ मध्ये लेखक निक स्पेन्सर यांनी संघाला नवे रूप दिले. नाव ‘सर्पेंट सोल्यूशन्स’. अध्यक्ष दुसराच एक व्हायपर, अंगावर सूट, आणि गिऱ्हाईक म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचे चालक. हजेरीपटावरची बरीच नावे जुनीच होती, पण सभासद आता नोकर झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या चित्रपटात जिआनकार्लो एस्पोझिटो या नटाने साइडवाइंडर रंगविला. त्यात सापांचे पोशाखही नाहीत आणि संघही नाही. पैसे देणाऱ्यासाठी बंदुका चालविणारी भाडोत्री टोळी तेवढी आहे, १९८० साली रॉक्सॉनने पाठविली होती तशी.