मागच्या डिस्क ब्रेकचा पिस्टन

पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आम्ही घरी अनेकदा बदलले होते. सी-क्लॅम्पनं पिस्टन आत दाबायचा, नवे पॅड बसवायचे, झालं. मागेही डिस्कच, तेव्हा रीतही तीच, असं अनुमान आम्ही केलं. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. वर्गात तो आम्हीच शिकवत होतो!

पुष्कळ गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो. पॅड झिजतील तसा आतला स्क्रू पिस्टनला पुढे ठेवत जातो. असा पिस्टन दाबून जात नाही, फिरवतच आत न्यावा लागतो. बहुधा घड्याळाच्या दिशेनं. आम्ही जोर लावला, आतलं मोडलं, नवा कॅलिपर घ्यावा लागला.

म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकवर नव्हे तर स्टँडवर ठेवा, मग हँडब्रेक सोडा. तो विजेवर चालणारा असेल तर आधी सर्व्हिस मोड. पॅडच्या पाठीवर खुंटी असेल, तर ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. हे फाटकाबाहेर, उतारावर कळू नये.