चिन्नोरचा वास आणि तीस मीटरची नळी

गोंदियाच्या बाजारात दोन पोती शेजारी उभी होती. दोन्हींवर ‘चिन्नोर’, दोन्हींचा भाव एकच. पहिल्यात हात घातला की वास बोटांना लागायचा. दुसऱ्यात नाक खुपसलं तरी बारदानाचाच. दोन्हींतला मूठमूठ तांदूळ घेऊन मी नागपूरची एक प्रयोगशाळा गाठली.

पाहुणे तिथे वासातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राचं कौतुक करतात. तंत्रज्ञ ताईंनी मात्र भट्टीचं दार उघडून आतलं तपकिरी वेटोळं दाखवलं. “भाऊ, काम तर हे करते. तीस मीटर आहे.”

तीस मीटर! आतली पोकळी पाव मिलिमीटर, आणि भिंतीला मिलिमीटरच्या चार हजाराव्या भागाइतका पातळ लेप. या नळीला कॉलम म्हणतात. जुने कॉलम दोन-तीन मीटरचे, लेप दिलेल्या भुकटीने ठासलेले असत. १९७९ साली फ्यूज्ड सिलिकाच्या लवचीक नळ्या आल्या आणि ठिसूळ काचेची कटकट मिटली.

तांदूळ बाटलीत तापवायचा, वरची वाफ आत सोडायची, हेलियम ती पुढे ढकलतो. खरा निर्णय लेपाचा. मिथाइल सिलिकॉनवर बहुतेक द्रव्यं उत्कलनबिंदूच्या क्रमाने बाहेर पडतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप, ज्याला सगळे नुसतं ‘वॅक्स’ म्हणतात, ध्रुवीय द्रव्यांना जास्त वेळ धरून ठेवतो. सुवासिक तांदळाचं मुख्य वासद्रव्य टू-अ‍ॅसिटिल-वन-पायरोलिन; संशोधक बटरी आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ते दाखवून दिलं. पाण्यात दहा अब्ज भागांत एक भाग असलं तरी नाकाला कळतं. इतकं थोडं द्रव्य दुसऱ्या कशाखाली झाकलं जाऊ शकतं, म्हणून खात्रीसाठी ते दोन वेगळ्या लेपांवर बघतात.

ताईंनी नळीवर आधी ती यंत्रात घट्ट बसवणारं नट-फेरूल ओवलं, मग सिरॅमिकच्या चकतीने हलकी रेघ मारून टोक मोडलं आणि भिंगाखाली धरलं. काठ दातेरी. पुन्हा मोडलं. फेरूल नंतर ओवलं तर त्याचा कीस नळीत जातो, हे त्या मान वर न करता बोलल्या. दर देखभालीत टोक असं कापलं जातं. डब्यावर मात्र तीस मीटरच राहतं.

दुसऱ्या पोत्याच्या आलेखातही त्या वासद्रव्याचं शिखर निघालं, बुटकं. मी लगेच ‘भेसळ’ म्हणालो. ताई हसल्या. साठवणुकीतही वास उडतो. दाणा जुना की मिसळलेला, हे या आलेखावरून ठरत नाही. आता दुकानदाराला पोतं कोणत्या हंगामाचं, ते विचारायचं.