औषधावाचून सुई

मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला आणि दिवसभर मान वाकवून दप्तरी काम करणाऱ्यांच्या नशिबी हमखास भरून येणारा जो ट्रॅपेझियस नावाचा स्नायू, तो चिमटीत धरून दाबत गेले असता एखाद्या ठिकाणी बोटाखाली दोरीसारखा ताठर पट्टा लागतो, आणि त्या पट्ट्यावरील नेमक्या एका बिंदूवर दाब पडला की कळ उठते ती कानामागे किंवा थेट कानशिलात. दुखणे एकीकडचे आणि फिर्याद भलतीकडची, हा देहाचा अजब कारभार लंडनमध्ये जॉन केल्ग्रेन यांनी स्नायूंत मिठाचे तीव्र द्रावण टोचून पाहून १९३८ साली पद्धतशीरपणे नोंदवला.

पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा बिंदूंचे, म्हणजे आज ज्यांना 'ट्रिगर पॉइंट' म्हणतात त्यांचे, स्नायूगणिक नकाशे सिद्ध केले. केनेडी यांच्या पाठदुखीवर इलाज करणाऱ्या आणि ते राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६१ मध्ये त्यांच्या वैयक्तिक वैद्य म्हणून नेमल्या गेलेल्या याच त्या बाई. बिंदूत प्रोकेन हे बधिरतेचे औषध टोचावे, अशी त्यांची रीत होती. साहजिकच गुणाचे श्रेय औषधाच्या खाती जमा होत राहिले. त्या जमाखर्चाची फेरतपासणी केली ती प्रागच्या कारेल लेविट यांनी. १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात २४१ रुग्णांच्या ३१२ वेदनास्थानांचा तपशील मांडून त्यांनी असे प्रतिपादन केले, की आराम देण्याचे सामर्थ्य टोचण्याच्या क्रियेतच आहे, आणि अचूक बिंदू साधला तर सुमारे ८७ टक्के ठिकाणी वेदना तत्क्षणी थांबते. तुलनेसाठी दुसरा गट मात्र त्यांनी ठेवला नव्हता, आणि ही उणीव लहान नव्हे.

आजच्या 'ड्राय नीडलिंग'मध्ये फिजिओथेरपिस्ट वापरतात ती सुई भरीव असते. तिच्यातून काहीच आत जात नाही. ती बिंदूत शिरवून किंचित वरखाली केली म्हणजे स्नायू रोग्याच्या इच्छेविना क्षणभर थरारतो. या झटक्याला बहुतेक उपचारक शुभलक्षण मानतात. नंतर एकदोन दिवस जागा ठणकते. सुई अ‍ॅक्युपंक्चरचीच असली तरी येथील विचार चिनी नाड्यांचा नसून शरीररचनेचा आहे. सुश्रुताच्या १०७ मर्मांशी नाते जोडण्याचा आपल्याकडील मोह तर सर्वस्वी अनाठायी, कारण ती स्थाने शस्त्रापासून जपायची म्हणून सांगितलेली आहेत.

गुण का येतो, याविषयी एकमत नाही. मज्जातंतू जेथे स्नायूला मिळतो तेथे अ‍ॅसिटिलकोलिन वाजवीपेक्षा अधिक स्रवते, तंतू आखडलेलेच राहतात, रक्तपुरवठा आवळला जाऊन आम्लता वाढते आणि सुईच्या आघाताने हे दुष्टचक्र तुटते, अशी प्रचलित उपपत्ती आहे. दुखऱ्या बिंदूंतील द्रवात आम्लता व वेदनाजनक द्रव्ये अधिक असल्याचे अमेरिकेतील जय शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलेही. तथापि एकाच रोग्याला दोन जाणत्यांनी तपासले तर दोघांचे बोट एकाच बिंदूवर पडेल याची खात्री नसते, आणि नुसती टोचल्यासारखी केलेली खोटी सुईही काहींना आराम देते, हे आक्षेपकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. मान व खांद्याच्या दुखण्यात काही आठवड्यांपुरता उतार पडतो, त्यापलीकडचा पुरावा विरळ आहे. माझ्या मते या उपचाराकडे व्यायामासाठी मिळालेली मुदत म्हणून पाहावे. ती मुदत जो अंथरुणावर पडून घालवील, त्याची तक्रार कायमच राहण्याचा संभव अधिक.

जोखमीचा मुद्दा मात्र उपपत्तीवर अवलंबून नाही. खांद्याच्या व बरगड्यांच्या स्नायूंखाली फुफ्फुस असते, आणि सुईचा कोन चुकला तर त्याला छिद्र पडून ते आक्रसते. अमेरिकेचा ऑलिंपिक स्कीपटू टोरिन येटर-वॉलेस याच्यावर २०१३ च्या अखेरीस हाच प्रसंग ओढवला होता. टोचल्या जागी रक्तस्राव वाढू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे, आणि सुईनंतर दम लागला किंवा छातीत कळ आली, तर ठणका म्हणून घरी न थांबता इस्पितळ गाठून छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.