लाजेचें दुखणें आणि विजेचा पाटकरी

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगांव केतकी करीत इंदापुरास येते, तेव्हां एखाद्या वृद्ध स्त्रीला चार कोस तरी दिंडीबरोबर चालावेंसें वाटतें; परंतु ती दारांतूनच हात जोडते. पाय थकले म्हणून नव्हे, तर लघवी आवरत नाहीं म्हणून. पुरुषांसहि हें दुखणें होतें. पण लाजेमुळें तें डॉक्टरांच्या कानीं जात नाहीं.

याचें मर्म नीरेच्या डाव्या कालव्याकाठच्या लोकांस सहज कळेल. कालव्याचें दार पाटकरी आपल्या मर्जीनें उघडीत नाहीं. वरून हुकूम यावा लागतो. मूत्राशय हा तलाव, त्याच्या तोंडाचा स्नायु हें दार आणि मेंदु हा अंमलदार. यांच्यामधील निरोप कण्याच्या तळाशीं, माकडहाडाच्या वरील त्रिकास्थींतून निघणाऱ्या मज्जातंतूंवाटे चालतात. ते बिघडले म्हणजे तलाव अर्धा भरतो न भरतो तोंच मूत्राशय आवळतो आणि मोरी गांठण्यापूर्वींच फजिती होते.

या निरोपांस वळण लावणारें यंत्र टानागो व श्मिट या शास्त्रज्ञांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें १९८० नंतरच्या दशकांत पुढें आणलें. अमेरिकन सरकारनें त्यास १९९७ सालीं मान्यता दिली. शौचावरील ताबा सुटण्याच्या विकारासाठीं ती २०११ सालीं मिळाली. त्रिकास्थीच्या तिसऱ्या छिद्रांतून बारीक तार मज्जातंतूजवळ नेतात व विजेची लहान डबी कुल्ल्याच्या वरच्या भागीं कातडीखालीं ठेवितात. तिचे सौम्य ठोके तंतूंतील गोंधळ शमवितात.

यांत शहाणपणाची गोष्ट ही कीं, आधीं परीक्षा होते. कांहीं दिवस डबी शरीराबाहेर ठेवून रोगी लघवीची नोंदवही लिहितो. त्रास निदान निम्मा घटला तरच डबी आंत बसवितात. खोकतांना वा शिंकतांना जी लघवी गळते, तिच्यावर हा उपाय नव्हे. शिवाय यंत्र महाग असून त्याची बॅटरी कालांतरानें बदलावी लागते.

म्हणून आधीं मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह आणि पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथि यांची तपासणी व्हावी. चहा कमी करणें, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा व्यायाम, ठराविक वेळीं लघवीस जाण्याची संवय आणि औषधें हे उपाय प्रथम करावेत. त्यांनीं गुण न आल्यास मूत्ररोगतज्ज्ञ या यंत्राचा विचार करितात. भीतीनें पाणी तोडणें मात्र घातक. दाट झालेली लघवी मूत्राशयास अधिकच चिडविते.

बारामतीस २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी आतां दूर राहिलेली नाहीं. दूर आहे तो फक्त पहिला शब्द, आणि तो घरांतील मुलासुनांनीं आपण होऊन विचारला, तर वृद्धांची निम्मी लाज तेथेंच सरेल.