चौघांत एक वाय-फाय

शाळेतून बाहेर पडून मला तीन वर्षे झाली. सध्या मी भोपाळला इंजिनिअरिंग शिकतो. कॉलेजजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे राहतो: एक बिहारचा, एक केरळचा, एक इथलाच आणि मी सांगलीचा. शाळेत मोबाईल सुट्टीतच हातात यायचा आणि इंटरनेट लॅबच्या तासापुरते मिळायचे. इथे चार फोन, चार लॅपटॉप आणि कनेक्शन मात्र एकच, तेही माझ्या नावावर. बिल चौघांत. कॅडेट मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण पुढे अशाच खोलीत किंवा हॉस्टेलमध्ये राहाल. म्हणून एक कनेक्शन आठ उपकरणांत कसे वाटले जाते आणि त्यात माझे काय चुकले, ते सांगतो.

आधी चूक. बिहारच्या मित्राचे वडील हवालदार आहेत, सीमेवर असतात. त्यांना वेळ आणि नेटवर्क दोन्ही मिळाले, की व्हिडिओ कॉल येतो. एका रविवारी संध्याकाळी असा कॉल आला. मित्राला वडिलांचा चेहरा दिसत होता, पण त्यांना याचे काहीच ऐकू जात नव्हते. हा ओरडून बोलत होता, ते नुसते मान हलवत होते. दोन मिनिटांत कॉल तुटला. पुढचा कॉल आला तो अकरा दिवसांनी. "तिकडचे नेटवर्कच खराब," असे तो म्हणाला आणि मीही हो म्हटले. रात्री लॅपटॉप उघडला तेव्हा दिसले, की माझ्या प्रोजेक्टचे व्हिडिओ संध्याकाळपासून क्लाउडवर चढत होते. खराबी तिकडची नव्हती, माझीच होती.

असे का झाले, ते समजण्यासाठी आपल्या शाळेची डाक आठवा. बाहेरच्या जगाला शाळेचा पत्ता एकच. सगळी पत्रे त्या पत्त्यावर येतात आणि ऑफिसमध्ये हाऊस व रोल नंबर पाहून वाटली जातात. खोलीतला राउटर नेमके हेच काम करतो. कंपनीकडून मिळालेला बाहेरचा पत्ता राउटरच्या नावावर असतो. आतल्या प्रत्येक उपकरणाला तो स्वतःच आतला पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा आपला रोल नंबर. तो आपल्या खोलीपुरताच. शेजारच्या खोलीतही हाच नंबर असू शकतो.

लॅपटॉपने एखादे पान मागवले, की राउटर त्या मागणीवर स्वतःचा पत्ता घालतो आणि कोणी मागितले याची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो. उत्तर आले, की नोंद पाहून ते योग्य उपकरणाला पोचवतो. न मागवता आलेल्या गोष्टीची नोंद नसते, म्हणून ती सहसा दारातच थांबते. या पद्धतीला 'नॅट' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या इंटरनेटमध्ये सुमारे ४२९ कोटीच पत्ते होऊ शकतात, म्हणून १९९४ साली ही युक्ती पुढे आली. तुमचा फोन हॉटस्पॉट देतो, तेव्हा तोही असाच छोटा राउटर झालेला असतो.

पत्त्यांचा प्रश्न राउटर सोडवतो, रस्त्याच्या रुंदीचा नाही. आमचे कनेक्शन १०० एमबीपीएसचे आहे. इथला 'बी' म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. आमच्या योजनेत वर पाठवण्याचा रस्ता त्याहून बराच अरुंद आहे. एका लॅपटॉपने तो भरून टाकला, की बाकीच्यांची पाकिटे रांगेत उभी राहतात. फाइल चार सेकंद उशिरा पोचली तरी बिघडत नाही. आवाज चार सेकंद उशिरा पोचला तर बोलणेच होत नाही. त्या संध्याकाळी मित्राचा आवाज माझ्या व्हिडिओंच्या मागे रांगेत अडकला होता. रांगेत कोण महत्त्वाचे, हे राउटरला आपोआप कळत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते.

आता आम्ही काही गोष्टी पाळतो.

राउटर आधी लोखंडी कपाटामागे होता, तो दोन खोल्यांच्या मधे उंचावर ठेवला. धातू आणि जाड भिंत लहरी अडवतात. जवळ बसणारे ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरतात. ते वेगवान, पण पल्ला कमी. लांबचे २.४ वापरतात.

मोठ्या फाइली रात्री अकरानंतरच. शिवाय राउटरच्या सेटिंगमध्ये माझ्या लॅपटॉपच्या अपलोडला मर्यादा घातली आहे. कोणाची ऑनलाइन परीक्षा किंवा घरचा कॉल असेल, तर तो आधी सांगतो आणि बाकीचे हात आवरतात.

वाय-फायचा पासवर्ड लांब आहे. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलला. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' नेटवर्क आहे. बाहेरून आम्ही सगळे एकाच पत्त्याचे दिसतो. कोणी काही गैर केले, तर विचारणा आधी कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. पालकांनीही हे लक्षात ठेवावे. बऱ्याचदा कनेक्शन त्यांच्याच नावावर असते.

हॉस्टेलमध्ये स्वतःचा राउटर लावण्याआधी वॉर्डनची परवानगी घ्या. परवानगी मिळाली, तर भिंतीतून आलेली वायर 'वॅन' लिहिलेल्या भोकातच लावा. ती चुकून 'लॅन'मध्ये लावली, तर तुमचा राउटर अख्ख्या मजल्याला चुकीचे पत्ते वाटू लागतो आणि सगळ्यांचे इंटरनेट बंद पडू शकते.

मित्राला मी खरे सांगितले, पण त्याला दोन आठवडे लागले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "पापांना सांगतो, नेटवर्क सुधारलं." त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. शाळेत मेसमध्ये मागच्यासाठी भाजी उरेल एवढीच वाढून घ्यायला आपल्याला शिकवले होते. वाय-फायलाही तोच नियम लागू पडतो.

जय हिंद.

– एक माजी विद्यार्थी