बिनमिठाचा पाया

रविवारी मटणाच्या दुकानात उशिरा गेलं की पाय संपलेले असतात. "कुत्रीसाठी हवेत" म्हटलं की खाटीक आधी माझ्याकडे बघतो, मग पायांकडे. भाजून, खरवडून ठेवलेले बोकडाचे पाय त्याच्या मते माणसांच्या रश्श्यासाठी असतात. शेवटी तो सत्तुराने दोन पाय तोडून देतो आणि वर सांध्यांची गठुळी नि मानेचे मणके फुकट टाकतो. मला खरं तर तीच हवी असतात. कूर्चा आणि चिवट स्नायुबंध सांध्यांपाशीच जास्त, आणि जिलेटिन त्यातूनच सुटतं.

घरी आल्यावर हाडांना एक उकळी आणून ते पाणी ओतून द्यायचं. राखाडी फेस त्यातच जातो. मग ताजं पाणी, हाडांच्या वर चार बोटं, आणि चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगरने हाडातलं कॅल्शियम रश्श्यात उतरतं असं सगळे सांगतात. उतरतं ते नगण्य, पण मी घालते. कांदा-लसूण मात्र अजिबात नाही, कारण त्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मराठी स्वयंपाकघरात हा नियम पाळणं सोपं नाही. पाया म्हटला की हात आपोआप लसणाकडे जातो. मीठही नाही. सूपच्या तयार वड्या तर नकोतच, त्यांत मीठ भरपूर आणि बहुधा कांदाही.

मंद आचेवर पातेल्यात आठ-दहा तास लागतात, आणि खदखदू द्यायचं नाही. गॅसचा भाव आठवला की मी कुकर काढते. ती काही पळवाट नव्हे: 1679 साली दनी पापँने कुकरचा पूर्वज असलेलं भांडं दाखवलं, ते हाडं मऊ करण्यासाठीच.

रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी वर चरबीची पांढरी चकती धरलेली असते. सुरीने कड सोडवली की ती अख्खी निघते. ती कुत्र्याला द्यायची नाही. जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. खाली असतो मधाच्या रंगाचा, थलथलीत थर. तो बघून आपण काही औषध केलंय असं वाटायला लागतं.

इथे जरा थांबावं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये हाडांचं जिलेटिन गरिबांचं सकस अन्न म्हणून रुग्णालयांत दिलं जात होतं. त्याची तपासणी फ्रांस्वा माजंदी यांच्या समितीने केली, तीही कुत्र्यांवर. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री त्याला तोंड लावेनाशी झाली, खंगत गेली. 1841 च्या अहवालाने त्या दाव्यातली हवा काढली. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसतंच. शिवाय पोटात गेलेलं कोलॅजन पचून सुटं होतं, ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. म्हणून विकतच्या रश्श्याच्या बाटलीवरच्या 'सांधे मजबूत' या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही.

मग करायचं कशाला? आमची राणी म्हातारी आहे, दात झिजलेत, कोरडं खाणं बघून तोंड फिरवते. त्या खाण्यात पाणी असतं जेमतेम दहा टक्के. त्यावर अर्धी वाटी कोमट रस्सा ओतला की दाणे फुगतात आणि वास सुटतो. आधी नाक हलतं, मग मान पुढे येते, आणि स्टीलचं भांडं चाटता चाटता भिंतीला जाऊन टेकतं. कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात किंवा आजारपणानंतर ते पोटात जाईल असं बघणं हेच मोठं काम असतं. रश्श्याचा खरा गुण हाच: भूक चाळवते आणि पाणी जातं. मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी पशुवैद्यांना विचारावं.

उरलेला रस्सा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांपलीकडे ठेवत नाही. हाडं राणीला कधीच नाहीत. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे पडतात, ते घशात अडकतात, आतडं फाडतात. ती कचऱ्यात नुसती टाकूनही भागत नाही, कारण गल्लीतली कुत्री वासावर पिशवी फाडतात. म्हणून जुन्या डब्यात बंद करून, सकाळी घंटागाडी आली की थेट कामगाराच्या हातात देते, आत काय आहे ते सांगून.